दादाचं सुजलेलं बोट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे दिवस. सातपाटीच्या कोळीवाड्यातल्या आमच्या घरात सगळ्यांचं लक्ष एका हाताकडे लागलं होतं... माझ्या मोठ्या भावाच्या, दादाच्या डाव्या हाताकडे.

दादा बोईसरच्या एका कारखान्याचा ट्रक चालवायचा, लांबलांबच्या फेऱ्या करायचा. घरी आला की अंगणात वाळत घातलेल्यातले चार बोंबील उचलून चुलीत भाजायचा आणि आईच्या शिव्या खायचा. त्या वर्षी मात्र खोकला घेऊन आला, आणि बोंबलांकडे बघेना.

पालघरच्या डॉक्टरांनी त्याच्या हातात टीबी तपासायची सुई टोचली. दोन-तीन दिवसांत तिथे फुगलं तर टीबी, एवढंच आम्हाला कळलं होतं. मग काय... आई येताजाता तो हात चाचपायची. शेजारणीसुद्धा डोक्यावरची मासळीची पाटी उतरवून बघून जायच्या.

हात सपाटच राहिला. "बग, काय नाय झालं माज्या पोराला," म्हणत आईने देवापुढे नारळ फोडला. डॉक्टरांसाठी पापलेटची जोडी घेऊन आम्ही एसटीत बसलो. दादा खिडकीशी खोकत होता, तरी आम्ही खुशीत होतो.

डॉक्टरांनी हातावरून अंगठा फिरवला आणि थुंकीच्या तपासणीचा कागद पुन्हा वाचला. थुंकीत टीबीचे जंतू सापडले होते... मग हात का फुगला नाही? त्यांनी दादाचं रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आला, एचआयव्ही.

मी कॉलेजात शिकत होते, म्हणून त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. रक्तात जंतूला ओळखून धावून जाणाऱ्या पेशी असतात, त्या जमल्या की हात फुगतो. दादाच्या बऱ्याच पेशी त्या विषाणूने मारल्या होत्या, उरलेल्या लढून लढून थकल्या होत्या. ज्या सपाट हातासाठी आम्ही नारळ फोडला, तीच वाईट खूण होती.

घरी येऊन आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे त्याचं अंग जागंच होत नाय?"

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या आजारावर आमच्यासारख्यांच्या हाती लागेल असं औषध तेव्हा नव्हतं. शेजारणींच्या पाट्या आमच्या दारात थांबेनाशा झाल्या... आई मात्र दादाच्याच ताटात जेवायची.

गोळ्यांनी खोकला जरा उतरला. एका दुपारी दादा हट्टाने आईबरोबर मासळी निवडायला बसला, आणि शिंगाळा माशाच्या पाठीवरचा काटा त्याच्या बोटात घुसला. संध्याकाळपर्यंत बोट लालभडक, टम्म.

दादा कळवळत होता, आणि आई हसत होती. "सुजलं गं, बग... अंग जागं झालं त्याचं." दादा वैतागून म्हणाला, "माजं बोट तुटतंय नि तू हसतेस?" मग तोही हसायला लागला. कित्येक महिन्यांनी आमच्या घरात असं मोठ्याने हसणं झालं.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलं. ते हळूच म्हणाले की शिंगाळ्याच्या काट्यात विष असतं, त्याने कुणाचंही बोट सुजतं. थकलेल्या पेशी काही परत आल्या नव्हत्या.

दादा त्याच वर्षी गेला. आज इतक्या वर्षांनी ती संध्याकाळ आठवली की त्या माशाचे आभार मानावेसे वाटतात, खरंच.

डॉक्टर काय म्हणाले ते मी आईला कधीच सांगितलं नाही... ती शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगायची, "माजं पोर गेलं, पण अंग जागं होऊन गेलं."