बंदुकीच्या घोड्यावरची लाल चिंधी: सुकापूरहून मामाच्या गावाला

मामाकडे जायचं ठरलं ते हरीशच्या फोनमुळे. हरीश माझा मामेभाऊ. एरवी त्याचा फोन फक्त लग्नाच्या आमंत्रणाला येतो. "ताई, बाबा बंदूक सोडत नाय. परवान्याचं काम आलंय, मी म्हणतो पोलीस ठाण्यात जमा करू, तर अंगावर येतो. हल्ली इसरतो गं. गॅस चालू ठेवतो, माणसांची नावं इसरतो. तू ये, तुझं ऐकंल."

माझं कोणी ऐकत असतं तर आमच्या सोसायटीत पाणी वेळेवर आलं असतं. पण दसऱ्याला जोडून सुट्टी होती आणि मामीच्या हातची तांदळाची भाकरी कित्येक महिन्यांत खाल्ली नव्हती. पिशवी भरली आणि निघाले.

ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी: सुकापूरहून रिक्षाने पनवेल स्टँड आणि तिथून उरणच्या बाजूची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे जाणं-येणं शहरातल्या एका कॉफीपेक्षा स्वस्त पडतं. खिडकी मात्र डावीकडची घ्या, उजवीकडे कंटेनरच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या रांगेत आमची एसटी इतकी रेंगाळली की शेजारच्या कोळणीने टोपली मांडीवर घेऊन झोप काढली. गव्हाण फाट्यापुढे गर्दी सुटते, चिरनेरच्या बाजूला डोंगर जवळ येतो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळं पडत आलेलं भात दिसायला लागतं. फाट्यावर उतरून वडापाव खाल्ला (चटणी जपून) आणि सहा आसनी रिक्षात दहावी होऊन गावात पोचले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे बंदुकीची गोष्ट आहे.

मामाची शेती डोंगराला टेकून आहे. खालची जमीन कधीच गेली, तिथे आता गोदामं आहेत. उरलेल्या तुकड्यात मामा भात लावतो आणि दाणा भरला की रानडुकरं उतरतात. डुक्कर मारायचं नसतं, मामा मारतही नाही. पहाटे शेताच्या कडेला उभं राहून गोळी न घालता नुसत्या दारूचा बार काढायचा, आवाजाने कळप डोंगरात परत जातो. त्यासाठी आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक, शेतीरक्षणाच्या परवान्याची. काडतूस वगैरे भानगड नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा सारायचा आणि लोखंडी गजाने ठासायचं.

सुकटीचं कालवण आणि भाकरी झाल्यावर मामाने बंदूक ओटीवर आणली. दसऱ्याचा झेंडू अजून नळीला होता. मी शहाण्यासारखं विषयाला हात घालणार, तेवढ्यात तोच सांगायला लागला.

"बाय, सैल ठासला तर बार फुसका जातो, डुकरं हसत उभी ऱ्हातात. नको तेवढा ठासला तरी खोटं. आवळ कवा बसली ते हाताला कळतं. डोकं इसरंल, हात नाय इसरत."

मग त्याने गज नळीत सोडला. गजावरची खूण नळीच्या तोंडाशी येऊन टेकली. "ही खूण तोंडाला लागली की नळी रिकामी. गज वर ऱ्हायला की भरलेली. आणि भरली की घोड्याला ही चिंधी बांधायची. लाल. घरातल्या पोराला पण कळंल असं." चिंधी त्याच्या शर्टाच्या खिशात होती, मामीच्या जुन्या लुगड्याची. वरच्या आळीतल्या एका माणसाने भरलेल्या नळीत दुसरा बार ठासला होता. नळी फुटली आणि अंगठा गेला. हे सांगताना मामाच्या आवाजात दयेपेक्षा तिरस्कारच जास्त होता. "बंदूक भरलेली हाय का नाय ते ज्याला कळत नाय, त्यानं बंदुकीला हात कशाला लावायचा?"

मला सगळं पटलं. खरं सांगायचं तर मी हरीशवर चिडले. एवढा व्यवस्थित माणूस, आणि हा त्याला म्हातारा ठरवून मोकळा झाला! संध्याकाळी देवळात जाताना मी त्याला तसं बोललेही. तो फक्त म्हणाला, "तू उद्या परत जाशील, ताई."

सकाळी उजाडताच डोंगराच्या बाजूने खसपस ऐकू आली आणि मामा बंदूक घेऊन निघाला. मागे मी, हरीश आणि चहाची किटली घेतलेली मामी. बांधावर दव होतं, चपला हातात घेऊन चालावं लागलं. अशी हवा पनवेलला विकत मिळाली असती तर मी हप्त्याने घेतली असती.

घोड्यावर चिंधी नव्हती. मामाने दारूचा डबा उघडला. मला या ब्लॉगसाठी फोटो हवा होता, म्हणून म्हटलं, "मामा, आधी ते गजाचं दाखव ना, कालच्यासारखं."

त्याने गज सोडला. खूण नळीच्या तोंडाशी आलीच नाही. वीतभर वरच राहिली.

मामा गजाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अडकला काय?" हरीशने डबा उचलून मागे नेला.

मामी हळूच म्हणाली, "काल सांच्याला भरलीत ना तुमी. ओटीवर. मी दिवा लावत होती."

"मी?"

"तुमीच. मना वाटला चिंधी बांधलीत."

मामाने गज हळूच काढून घेतला, नळीचं तोंड डोंगराकडे करून बंदूक बांधावर आडवी ठेवली आणि खिसा चाचपला. चिंधी खिशातच होती, घडी घातलेली. ती हातात धरून तो तिथेच गवतावर बसला. मी फोन पिशवीत टाकला. मला त्याची फार दया आली, आणि दया येतेय याची लाज वाटली, कारण काल दुपारी त्यानेच सांगितलं होतं अशा माणसाबद्दल काय वाटतं ते.

डुकरं खालच्या वाफ्यात शिरली होती. मामी किटलीचं झाकण वाजवत ओरडत गेली आणि तेवढ्याने डुकरं पळालीसुद्धा.

मामाने वाकून घोड्याला चिंधी बांधली. दोन गाठी मारल्या. "हरीश, ठाण्यात फोन कर. भरलेली हाय म्हणून सांग. कोणी हात लावू नका."

मी रजा एक दिवस वाढवली. दुसऱ्या दिवशी दोन पोलीस आणि बंदुका दुरुस्त करणारे एक परवानाधारक चाचा आले. (वाचकांनो, कोणाच्या घरी अशी जुनी बंदूक असेल तर हेच करा, स्वतः काड्या करू नका.) चाचांनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि बार उपसून काढला. मग मामाला म्हणाले, "माशाल्ला, ठासलाय किती बेताचा! आता असा हात राहिला नाही हो कोणाचा." मामाने मान हलवली. बंदूक त्याने कोणाला उचलू दिली नाही, स्वतः पोलिसाच्या हातात दिली. चिंधी सोडून खिशात ठेवली.

परतीची एसटी उभ्यानेच केली. पिशवीत मामीने दिलेले पोहे, सुकट आणि एक मोठा भोपळा, जो सुकापूरपर्यंत माझ्या पायावर बसून आला. जायचं असेल तर भात उभं असतानाच जा, नंतर तिथे बघण्यासारखं फार उरत नाही. पुढच्या दसऱ्याला काय काय उरलेलं असेल याचा विचार मी वाटेत टाळत होते.

घरी येऊन चहा टाकला तोच मामाचा फोन.

"बाय, पोचलीस काय?"

"पोचले मामा. भोपळ्यासकट."

तो हसला. चहा घेऊन भोपळा कुठे ठेवावा हे बघत होते, तर पुन्हा त्याचाच फोन.

"बाय, पोचलीस काय?"

मी ओट्याला टेकून उभी राहिले. "पोचले मामा. भोपळ्यासकट."

तो तसाच हसला, तेवढाच. मग म्हणाला, "आणि ऐक, तुला सांगायचं ऱ्हायलंच. बंदूक मी दिली. कोणी घेतली नाय माज्याकडनं. माज्या हातानं दिली."

"हो मामा?" मी म्हटलं. "कधी? सांग ना, कशी दिलीस?"

आणि तो पहिल्यापासून सांगायला लागला.