यंदाचं सीतादही

दिल्लीतल्या एका धोरण-संशोधन संस्थेत कापसाच्या जागतिक व्यापारावर काम करणारा गट मी चालवते. गटात सगळे तिशीच्या आतबाहेरचे. कोणता देश आपल्या शेतकऱ्याला कसं पाठबळ देतो आणि त्याची झळ आपल्याकडे कुणाला बसते, हे आम्ही शोधतो, अहवाल लिहितो आणि वाटाघाटींना जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या गळी उतरवायला बघतो. आईनं हे सगळं एका वाक्यात बसवलं होतं. कुणी विचारलं की सांगायची, "पोरगी दिल्लीत कापसाचं भांडण करते."

आई श्रावणात गेली. दिवाळीआधी बाबांचा फोन आला, "बाई, बोंडं फुटून राह्यली. सीतादही कराले येजो."

पहिल्या वेचणीआधी घरच्या बाईनं वावरात दहीभात शिंपडायचा आणि मगच कापसाला हात लावायचा, ही आमच्याकडची रीत. घरात आता बाई म्हणजे मीच. वर्ध्याला उतरून केळझरची एसटी धरली.

उगवतीकडच्या पऱ्हाटीच्या झाडाखाली चुना लावलेले खडे मांडायला बसले आणि अडले. पाच की सात?

"बाबा, खडे किती मांडाचे?"

"मले काय मालूम? तुही माय करे."

बाबा दरवर्षी वावराच्या धुऱ्यावर पाठ फिरवून उभे राहायचे. बायकांचं काम, त्यात डोकावायचं नाही. खडे मांडताना आई तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायची. मी तिच्या शेजारी बसून दही चाटायचे, कान कधी दिला नाही. शेवटी सात मांडले आणि मुक्यानंच भात शिंपडला. रडू आलं. तिचा रागही आला. जाताना एवढं तरी सांगून जायचं होतं.

हात दह्यानं बरबटलेले असतानाच फोन वाजला. गटातली मुलगी होती. संध्याकाळपर्यंत मसुदा पाठवायचा होता. तिनं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं, "लहान शेतकरी शेतीत टिकणं हाच आपल्या भूमिकेचा पाया असावा." ठेवू का, म्हणाली.

"ठेव," मी म्हटलं.

मग कमरेला ओटी बांधली आणि पहिली बोंडं वेचली. बाबाही शेजारच्या ओळीत आले. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलावं.

"बाबा, पुढच्या साली जरा आधी सांगजा. या दिवसांत बाहेरदेशी बैठक रायते, पण मी पाहीन."

"पुढच्या साली नाई लागत येणं. यंदाचा कापूस निंगाला का वावर मक्त्यानं देतो. दुसरा कोणी वाहीन."

माझा हात बोंडावरच थांबला. "काऊन? कोणाले देता?"

त्यांनी मानेनंच ओढ्यापलीकडचं वावर दाखवलं. तिथलं घर पिढ्यान्‌पिढ्या वांगी-टमाटर करणारं.

"त्याले कापसातलं काय समजते, बाबा? तो त भाजीपालावाला. इथं चांगले कास्तकार हायेत, त्यांना द्या."

"ते इचारून गेले. त्यांच्या पोरायचे संसार पुण्याले हायेत. याच्या घरी सून हाये. दही टाकाले वावरात बाई पाह्यजे न."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी फक्त माझी भरलेली ओटी सोडून घेतली आणि गाठोड्यात रिकामी केली.