शेवटच्या करवंटीचा मान

माझी शाळा चौथीपर्यंत. पण मानपान मला कोणी शिकवायला नको. गावात लग्न असलं की मंडपात कोणी कुठे बसायचं, कोणाला आधी गंध, हे मी ठरवायचो. एकदाच एक व्याही रुसला, तोही त्याच्याच चुकीने.

परदेशात, टार्निट नावाच्या उपनगरात मुलाकडे आलो तेव्हा तिथे विद्यार्थ्यांचा नुसता सुकाळ. क्लेटनला युनिव्हर्सिटीजवळ खोल्या मिळेनात, म्हणून पुण्याचा एक पोरगा आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. युनीला जाऊन-येऊन अर्धा दिवस जायचा त्याचा. आला की आमचा भात संपवायचा.

शेजारी सामोआ बेटांवरचे एक म्हातारबुवा. त्यांच्यात सभेत बोलायचा मान ठरावीक माणसांचाच, त्यातले ते. बोलायला उभे राहिले की हातात काठी, खांद्यावर चवरीसारखा झुपका. दुपारी आम्ही दोघे त्यांच्या गॅरेजच्या दारात खुर्च्या टाकायचो. ते त्यांच्या भाषेत बेटावरच्या गोष्टी सांगायचे, मी माझ्या भाषेत गावच्या. एकमेकांचं अक्षर कळायचं नाही, म्हणून भांडण कधी झालं नाही. मुलगा-सून कामावर गेले की माझ्याजवळ बसणारा तो एकच माणूस.

त्यांच्या नातीला युनीत प्रवेश मिळाला आणि त्यांनी गॅरेजमध्ये सभा भरवली. मी फेटा बांधला.

"बाबा, गॅरेजमध्ये जातोय आपण," सूनबाई म्हणाली.

"मग? फेटा काय जागा बघून बांधतात?"

सगळे चटयांवर मांडी घालून बसलेले. मध्ये पाय असलेली लाकडी परात, तिच्यात कसल्याशा मुळीचं मातकट पाणी. त्याला ते आवा म्हणतात. एकजण मोठ्याने नाव पुकारतो, मग भरलेली करवंटी त्या माणसापुढे जाते. तो दोन थेंब खाली सांडतो, मग पितो. म्हणजे पहिला घास बाजूला काढणारी माणसं. मला पसंत पडलं.

पहिली करवंटी त्यांच्या धर्मगुरूंना. ठीक. दुसरी एका आडव्या अंगाच्या मामांना. असतील पाहुणे. अशा आणखी काही गेल्या. मग करवंटी गेली आमच्या भाडेकरूपुढे.

"हा कसा काय?" मी सूनबाईला विचारलं.

"नातीच्याच युनीत आहे तो, बाबा."

"घरमालकाच्या आधी भाडेकरू. मी चाललो."

"आणि उद्या दुपारी कोणाजवळ बसणार?"

"माझी खुर्ची माझ्या दारात टाकीन."

उठायला गेलो तर पायाला मुंग्या. भाडेकरू ओठ पुसत म्हणाला, "आजोबा, काही मिस नाही केलंत. चिखल लागतो."

"मान मिळालेल्याने चवीचं बोलू नये," मी म्हणालो.

सगळ्यांचं पिऊन झालं, परातीच्या तळाला थोडं उरलं, आणि तेव्हा पुकारा झाला, "बाबा!" घरात सगळे बाबा म्हणतात, तेच माझं नाव असं त्यांनी धरलेलं. करवंटी समोर आली. तळाचा गाळ. मी तोंड फिरवलं. म्हातारबुवांनी काठी घट्ट धरली, मान खाली घातली.

नात सूनबाईच्या कानाला लागली. सूनबाई माझ्याकडे वळली. "बाबा, यांच्यात पहिली आणि शेवटची, या दोनच मानाच्या. शेवटची त्यांनी मुद्दाम तुमच्यासाठी राखली. मधले सगळे नुसते मधले."

मी भाडेकरूकडे बघितलं. "ऐकलंस? मधला."

दोन थेंब सांडून बाकीचं एका दमात प्यायलो. चिखलच होता. पाय आधीच गेला होता, आता जीभही बधिर झाली. तरी मानाला उत्तर द्यायला हवं. बसल्या जागेवरून मी मंडपातल्या रांगेपासून रुसलेल्या व्याह्यापर्यंत सगळं सांगितलं. सूनबाईने त्याचं इंग्लिश केलं, "ही सेज थँक यू."

म्हातारबुवा नाही-नाही अशी मान हलवायला लागले. एवढ्या बोलण्याचं एवढंसं होत नाही, हे त्यांना भाषा न कळताही कळलं. सूनबाईला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. व्याह्याची गोष्ट आली तेव्हा ते मांडी थोपटून हसले.

पुढे गणपतीत त्यांना आरतीला घेऊन गेलो. प्रसादाच्या रांगेत मी त्यांना पुढे ढकललं आणि स्वतः शेवटी उभा राहिलो. ते मला पुढे ढकलून मागे जाऊन उभे राहिले. मी परत मागे गेलो. असं बराच वेळ चाललं. आमचा मान ठरेपर्यंत मोदक संपले.