वाघोलीच्या भिंतीसाठी गणपती

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मी अगदीच पोर होते. साठी नुकती ओलांडली होती आणि आपल्याला सगळं कळतं याची खात्री होती. आता पंचाहत्तरीला टेकल्यावर त्या बाईकडे बघते, तेव्हा हिला इतकी वर्षं मुलांना विज्ञान शिकवू दिलं तरी कोणी, असा प्रश्न पडतो.

ही बाई वारज्याहून बसने कसबा पेठेत एका छापचित्रांच्या वर्गाला जायला लागली. कलेची ओढ वगैरे काही नव्हती. तिला एक भिंत हवी होती. मुलाने वाघोलीला फ्लॅट घेतला होता आणि त्याच्या दिवाणखान्यात, दारासमोरच, एक लांबलचक मोकळी भिंत होती. सूनबाई म्हणाली होती, इथे विकतचं काही नको, घरच्यांनी हाताने केलेलं लावू. हे ती मला म्हणाली, तसं तिच्या आईलाही म्हणाली.

विहीणबाईंनी कापडावर फूल भरलं तर त्यावर भुंगा यावा, असा त्यांचा हात. त्यांनी लगेच मोर भरायला घेतला. मला सुईत दोरा ओवायलाही शेजारीण लागते. पण वास्तुशांतीच्या दिवशी त्या भिंतीवर मोर असला आणि माझं काही नसलं, तर त्या घरात मी कायमची पाहुणी, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. या शर्यतीची बातमी फक्त मला होती. विहीणबाई बिचाऱ्या फोन करून विचारायच्या, पिसाऱ्याची कड पिवळी घेऊ की सोनेरी? मी त्यांना चॉकलेटी सुचवायचे.

वर्ग चालवणारी मुलगी तिशीतली होती. बाकी सगळ्यांना नावाने हाक मारायची, मला काकू म्हणायची. तिने शिकवलं ते असं: काचेसारख्या प्लास्टिकच्या पत्र्यावर रोलरने काळी शाई फासायची आणि मग फडक्याने, काडीने, बोटाने ती पुसत पुसत चित्र काढायचं. पुसाल तिथे उजेड. वर ओलसर कागद ठेवायचा, मशीनच्या रुळाखालून फिरवायचा, कागद उचलला की चित्र तयार. एकच. शाई कागदावर गेली, संपलं. तसाच दुसरा छाप निघत नाही. याला मोनोटाइप म्हणतात. मला पद्धत फार पसंत पडली. यात काढण्यापेक्षा पुसणं जास्त, आणि फळा आणि ओटा मिळून माझं आयुष्य पुसण्यातच गेलं होतं.

पहिल्याच दिवशी तिने बजावलं की पत्र्यावर जे डावीकडे, ते कागदावर उजवीकडे जाणार. मी हसले. आरशातली प्रतिमा मी सातवीला शिकवायचे, असं तिला सांगितलंसुद्धा. आणि घरी येऊन लगेच माझी सही उलटी काढायचा सराव सुरू केला. जुन्या पाकिटांच्या पाठीवर, समोर आरसा धरून. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, “बँकेत मात्र जुनीच करत जा.”

विषय गणपती निवडला, तोही भक्तीने नव्हे. मोर उद्या उचलून बेडरूममध्ये नेता येतो. गणपतीला हात लावायची कोणाची टाप आहे?

पहिला गणपती किटलीसारखा आला. पुढचा आला तो ओळखीचा वाटला. नंतर कळलं, आमच्या मुख्याध्यापकांसारखा आला होता. वास्तुशांत तोंडावर आली. शेवटच्या रविवारी मी चिडून ह्यांचा जुना बनियन अंगठ्याला गुंडाळला आणि शाईत एकच फराटा मारला. कपाळापासून खाली, वळून, मोदकापर्यंत. सोंड झाली. मग कान, पोट, आणि कोपऱ्यात काडीने जिवापाड जपून उलटी सही.

कागद उचलला तेव्हा शिकवणारी मुलगी त्यावर वाकली. मग म्हणाली, “काकू, हा श्वास घेतोय.” मी चष्मा लावून आधी सही बघितली. सुलटी. एकेक अक्षर सुलटं. माझा आनंद पोटात मावेना. पत्र्यावर उरलेल्या शाईतून अजून एक फिकट छाप निघेल, त्याला घोस्ट म्हणतात, असं ती सांगत होती. गणपतीचं भूत घेऊन मी वाघोलीला जाऊ काय, म्हणून मीच पत्रा पुसून टाकला.

वास्तुशांतीला जेवणं झाली आणि मी माझी फ्रेम उघडली. मोर भिंतीला टेकून उभा होता, कड सोनेरीच होती. मुलाने फ्रेम हातात घेतली, म्हणाला, आई, तू काढलास हा? सूनबाईने फोटो काढून मैत्रिणींना पाठवलेसुद्धा. आता खिळा कुठे ठोकायचा एवढंच उरलं होतं, तेवढ्यात विहीणबाई पुढे आल्या, त्यांनी हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच ठेवून म्हणाल्या, “अहो ताई, हा उजव्या सोंडेचा आहे.”

मी बघितलं. होता.

उजव्या सोंडेचा म्हणजे कडक. त्याला सोवळं लागतं, नेमाने पूजा लागते, चुकलेलं खपत नाही. आणि त्या भिंतीसमोरच्या टेबलावर माझी सून रोज सकाळी अंड्याचं ऑम्लेट खात मीटिंग घेते. सही उलटी करायची अक्कल ज्या बाईला होती, तिने देव मात्र आपला नेहमीसारखा, डाव्या सोंडेचा, पत्र्यावर काढला होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, त्यांना फ्रेमवाल्याकडेच दिसलं होतं.

“मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, सुनेचं ऑम्लेट बंद करायचा बेत आहे.”

सगळे हसले, सून सोडून. तेव्हा मी कान धरून खरं ते सांगितलं. की मी काढला डावाच, पण छापताना सगळं उलटं होतं, त्यामुळे याचं काही मनावर घेऊ नका, हा नुसता शाईचा प्रकार आहे. विहीणबाईंनी ऐकून घेतलं. त्यांचे डोळे मोठे होत गेले.

“म्हणजे तुम्ही डावीकडे काढलीत, आणि तो आपण होऊन उजवीकडे वळला?”

“अहो, कागदच तसा...”

“आणि तुमची सही वळली नाही.”

यावर विज्ञानाकडे उत्तर होतं, पण ते द्यायचं म्हणजे पाकिटांवरचा सराव सांगावा लागला असता. विहीणबाईंनी पदर खोचून, हात धुऊन फ्रेम उचलली. हा इथे राहायचा नाही, म्हणाल्या, आमच्याकडे सोवळं आहे, मी नेते. सून चटकन हो म्हणाली. संध्याकाळी भिंतीवर मोर चढला. दिसत होता मात्र सुंदर.

आता माझा गणपती विहिणीच्या देवघरात असतो. दर चतुर्थीला त्याचं दर्शन घ्यायला मला बोलावणं येतं. पहिल्याच खेपेला काचेवर डाग दिसला म्हणून मी सवयीने पदर पुढे केला, तर त्या मायेने म्हणाल्या, “राहू द्या ताई, तुम्ही बसमधून आलात.” मी मुकाट्याने लांब बसले आणि एकवीस मोदकांपैकी माझ्या वाटचे खाल्ले. त्यांच्या मोदकांबद्दल वाईट बोलायला अजून तरी मला काही सापडलेलं नाही.

भिंत मात्र मी सोडली नाही. पुढच्या रविवारी वर्गात जाऊन वांगं छापलं. काळंकुळीत, देठाला काटे, अंगावर एक उजेडाची रेघ. डावं-उजवं कसंही फिरवा, वांगं ते वांगंच. सुनेला इतकं आवडलं की तिने ते मोराच्या शेजारी, स्विचबोर्डाच्या जरा वर लावलं. दिवाळीला विहीणबाई आल्या, चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि अगदी मनापासून मला विचारलं, “याचं काही पाळावं लागत नाही ना?”

“चिरायच्या आधी कीड बघायची,” मी म्हटलं.