जायफळाचं गाव

सिंगापुरात पाया लेबारच्या आमच्या ऑफिसात दुपारी मी श्रीखंडाचा डबा उघडला, तेव्हा पलीकडच्या टेबलावरून एक बाई उठून थेट माझ्यापाशी आली. पन्नाशीची, उंच, कुरळे केस बारीक कापलेले. कॅरिबियन बेटांमधल्या ग्रेनाडाची आहे आणि जहाजांच्या विम्याचं बघते, एवढंच मला तिच्याविषयी माहीत होतं.

"यात जायफळ आहे," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच.

मी डबा पुढे केला. तिनं चमचाभर खाल्लं आणि म्हणाली, "इतकं कमी का घातलंस?"

दुसऱ्या दिवशी मी घरून अख्खं जायफळ नेलं. तिनं ते नखानं खरवडून हुंगलं. "याचं कवच काढलंय. नाहीतर कानाशी हलवून सांगितलं असतं, किती सुकलंय ते."

जायफळाला कवच असतं हे मला ठाऊक नव्हतं. लहानपणापासून सहाणेवर उगाळत आले, पण ते झाडावर कसं दिसतं असा प्रश्न कधी पडला नव्हता. जायपत्री तर कुठल्यातरी दुसऱ्याच झाडाची असणार, असं मी धरून चालले होते. तिला खूप हसू आलं. बियांवर लाल जाळी असते, तीच जायपत्री, असं म्हणत तिनं प्रिंटरजवळचा वाया गेलेला कागद घेतला आणि त्याच्या पाठीवर तिचं गाव काढलं.

खाली समुद्र. किनाऱ्यानं एकच रस्ता, रस्त्याला घरं, दोन दुकानं, चर्च, चर्चच्या उजवीकडे नदी. जवळच एक मोठी शेड, तिथे गावकरी जायफळं आणून घालणार आणि ती लाकडी फळ्यांवर वाळणार. मागे लगेच डोंगर, आणि डोंगरभर प्रत्येकाच्या बागेचे तुकडे.

"एवढ्या चढावर शेती?" मी विचारलं.

"सपाट जमीन मळेवाल्यांची होती ना."

मग तिनं सांगितलं ते असं. खालच्या सपाटीवर ऊस होता. तो तोडायला तिच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून आणलं. सुटका झाल्यावर त्यांच्या वाट्याला आली ती कुणालाच नको असलेली चढणीची जमीन. तिथे ऊस होईना, जायफळ मात्र झालं. आणि ते जायफळ गेलेलं मुळात इकडूनच, सिंगापूरपासून विमानानं काही तासांवर असलेल्या बेटांवरून. सिंगापुरातही, आता नुसत्या दुकानांनी भरलेल्या ऑर्चर्ड रोडच्या बाजूला, एके काळी जायफळाच्या बागा होत्या, रोग पडून त्या गेल्या, हे मी कुठेतरी वाचलेलं तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी दर शनिवारी जायफळाच्या बागेत चपला घ्यायला जाते!"

पुढचे काही दिवस मी रोज काहीतरी विचारत राहिले. फळ किती वर्षांनी धरतं? सहा-सात. आणि मोहोर आल्याशिवाय झाड नर की मादी ते कळत नाही. बरेचसे नर तोडावे लागतात. घरी लेकीला हे सांगितलं तर ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "सेव्हन इयर्स वेट, देन कट? सो पुअर थिंग लाह!"

वीसेक वर्षांपूर्वी एका वादळानं डोंगरावरची जायफळाची झाडं उन्मळून टाकली, त्याचं तिनं एकदाच सांगितलं. ती तेव्हा राजधानीत नोकरीला होती. रस्ता बंद म्हणून चालत गावी पोहोचली. "डोंगराची माती मी पहिल्यांदा पाहिली. तोवर नुसती पानंच दिसायची." गावातल्या पुष्कळांनी मग लवकर हाताशी येणारा कोको लावला, केळी लावली, तरुण मुलं परदेशी गेली. तीही गेली. तेव्हा साठीत असलेल्या तिच्या वडिलांनी पुन्हा जायफळच लावलं.

"सगळे त्यांना वेडा म्हणाले. मीही."

"मग, फळं आली?"

"आली म्हणतात. मी वर जाऊन बघितलंच नाही कधी."

एका रविवारी तिला हौगांगला आमच्याकडे जेवायला बोलावलं. रात्रीचे आठ, म्हणजे तिच्या गावात सकाळचे आठ. जेवण झाल्यावर तिनं वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि या बाईला प्रश्न फार आहेत म्हणून सांगितलं. म्हातारबुवा खुशीत फोन घेऊन रस्त्यावर उतरले.

"हे चर्च. डावीकडे नदी."

तो कागद मी समोर घेऊन बसले होते. "नदी उजवीकडे ना?"

"डॅडी, उजवीकडे," तीही म्हणाली.

"डावीकडे. मी इथेच उभा आहे!"

बराच वेळ वाद चालला. शेवटी उलगडा झाला: ते समुद्राकडे पाठ करून उभे होते. ती लहानपणी रोज डोंगरातल्या घरून खाली शाळेत यायची, तेव्हा नदी तिच्या उजव्या हाताला असायची, म्हणून तिनं कागदावरही उजवीकडेच काढली होती.

मग ते दम खात खात वर चढले. पिवळं फळ उकलून आत तांबडीलाल जाळी दिसत होती. मादी झाडं किती निघाली, मी विचारलं.

"अर्ध्याहून जास्त. आणि एक नर ठेवलाय. लागतोच."

तिनं फोन आपल्याकडे वळवला. "डॅडी, तुम्ही एकटे चढता इथे?"

"मग कोण चढणार?"

तिनं डोळे पुसले. त्याच आठवड्यात तिनं डिसेंबरची तीन आठवड्यांची रजा टाकली.

त्या रविवारी फोन ठेवण्याआधी म्हातारबुवांनी मला विचारलं, "तुझ्या गावात काय पिकतं?"

"मी पुण्याची, शहरातली."

"वडिलांचं गाव असेल की."

साताऱ्याजवळ आहे, इतकं मी सांगितलं. तिथे काय पिकतं, ते काही सांगता येईना. ते खरंच उत्तराची वाट बघत थांबले होते. मी म्हटलं, "विचारून सांगते."

सोमवारी जेवायच्या सुट्टीत पुण्याला फोन केला. "बाबा, आपल्या गावात काय पिकतं हो?"

"आज एकदम हे काय?" बाबा म्हणाले. मग सांगू लागले, "घेवडा. आणि आलं. आल्याला पाणी साचलेलं चालत नाही, कंद कुजतो. म्हणून आजोबा काय करायचे..."

सुट्टी संपली तरी ते आल्यावरच होते. मी फोन कानाशी धरून लिहून घेत होते.