बिल्ला नंबर दोन

"भिंत काय म्हणतेय?"

संध्याकाळी गॅरेजमध्ये शिरताना काकांचा हा पहिला प्रश्न. तो कुणालाच उद्देशून नसायचा. उंबऱ्यातच थांबून ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि डावीकडून उजवीकडे एकेका हत्यारावर बोट रोखत जायचे. सगळं जागेवर दिसलं की त्यांचे खांदे सैल पडायचे. तोवर त्यांच्याशी बोलण्यात काही अर्थ नसे.

बडोद्यात गोरव्याला आमची टेनामेंटची, जोडून बांधलेल्या घरांची, ओळ आहे. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. मी शाळेत चित्रकला शिकवते. काकांचं आयुष्य मकरपुऱ्यात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं. रिटायर झाल्यावर त्यांनी स्कूटर अंगणात काढली आणि गॅरेजचं वर्कशॉप केलं. कॉर्डलेस हत्यारांचा त्यांना फार लळा होता. ड्रिल झालं, मग स्क्रू पिळायचं यंत्र, मग छोटा ग्राइंडर. काकू म्हणायच्या, "लग्नात मला एवढं हौसेनं आणलं नव्हतं."

एका दिवाळीच्या सुटीत त्यांनी मला हाक मारली. "ताई, तुमचा हात स्थिर आहे. जरा या."

भिंतीवर त्यांनी प्लायची मोठी फळी ठोकली होती. तिच्यावर खाचा पाडलेली एक आडवी फळी होती. ड्रिल तिच्यात वरून सरकवलं की मूठ खाली लोंबायची, घ्यायला अगदी हाताशी. चार्जर मात्र दूर दुसऱ्या भिंतीवर, मागे लादी बसवलेली आणि बटण दाराबाहेर. बॅटरीला आग लागेल या भीतीनं ते ती समोर उभं राहूनच चार्ज करत.

माझं काम होतं रेघा मारण्याचं. प्रत्येक हत्यार जागेवर धरून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवायची आणि तो आकार लाल ऑइलपेंटनं भरायचा. हत्यार उचललं की मागे लाल आकृती उघडी पडणार. त्यांनी पेन्सिल धरून पाहिली होती, पण रेघ थरथरत गेली होती. मी ती खोडली तेव्हा ते दुसरीकडे बघत होते.

मग त्यांनी खिशातून पितळेचे तीन बिल्ले काढले. टूलरूमचा कायदाच होता तो: हत्यार न्यायचं तर त्याच्या जागेशी ठोकलेल्या खिळ्याला आपला बिल्ला लावून जायचं. एक नंबर त्यांचा, दोन काकूंचा, तीन माझा.

"मी काय लाटण्याला लावू?" काकूंनी विचारलं आणि आपला बिल्ला मसाल्याच्या डब्यात टाकला.

"हसा," काका म्हणाले. "पण नीट ऐका. जागा रिकामी आहे आणि बिल्ला आहे, तर भिऊ नका, वस्तू कुणाकडे आहे ते आपल्याला ठाऊक आहे. जागा रिकामी आणि बिल्लाही नाही, तर घाबरा."

हे एवढं कशासाठी, ते मला नंतर कळलं. त्यांचे थोरले भाऊ एक दिवस दूध आणायला गेले ते घरी आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या स्टेशनावर सापडले. काका आणायला गेले. "समोर उभा राहिलो, तर मला म्हणाला, तमे कोण छो? ताई, आम्ही दोघं जन्मभर मराठीत भांडलो. गुजराती आम्ही परक्याशी बोलायचो." हे सांगताना ते हातातली बॅटरी उगाच उलटसुलट करत होते. मग हळूच म्हणाले, "माझीही नावं सुटायला लागलीत. हिला सांगू नका."

मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आजही वाटतं.

त्या दिवसापासून मलाही भीती लागली. शाळेतून आले की मी आधी त्यांच्या गॅरेजमध्ये डोकवायची. एकदा ग्राइंडरची जागा रिकामी आणि बिल्ला नाही असं दिसलं, तेव्हा मी "काका!" म्हणून ओरडलेच. ग्राइंडर त्यांच्या मांडीवर होता आणि ते माझ्या मागेच बसले होते. दोघंही हसलो, पण त्यांचं हसू लवकर संपलं.

आणि मग एक रविवार आला. दुपारी चार वाजता काकू दारात उभ्या. "हे तुझ्याकडे आहेत का ग?" चहा ठेवून हाक मारायला गेल्या, तर काका नाहीत. फोन घरात, स्कूटर अंगणात. काकूंचे हात कणकेनं भरलेले होते. त्यांनी ते तसेच धरून ठेवले होते.

मी गॅरेजमध्ये धावले. ड्रिलची जागा लाल, खिळ्याला बिल्ला नंबर एक. फळी सरळ बसली का बघायच्या पाणसळीची जागा लाल. भिंतीत भोक पाडायचं जाड बिटही नाही.

"काकू, कुणाच्या घरी भिंतीत काही ठोकायचं राहिलंय का?"

त्यांचा चेहरा उतरला. "रावपुऱ्याच्या खोलीत. फळी ठोकून द्या म्हणून मी मागे लागायची. पण ती खोली सोडून तीस वर्षं झाली रे देवा."

रिक्षात काकू नखांतली कणीक काढत बसल्या. मला मात्र राहून राहून त्या स्टेशनावरचे भाऊ आठवत होते.

खोलीच्या जागी आता शिंपीकाम चालतं. काका आत भिंतीला पाणसळ लावून उभे होते. मशिनवरची बाई घाबरून एका कोपऱ्यात सरकली होती. मला पाहून ते अदबीनं हसले.

"आवो बेन, कोनुं काम छे?"

काकू दारातच थबकल्या. पुढे यायचा त्यांना धीर होईना. मला दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, "काका, भिंत काय म्हणतेय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे, मग हातातल्या ड्रिलकडे. "ताई," ते पुटपुटले, "ही भिंत आपली नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. पायातल्या चपला गॅरेजच्या दाराशी जमिनीवर काढल्या. "यांच्याभोवती रेघ मारा." चपलांच्या त्या लाल आकृतीवर भिंतीत एक खिळा ठोकून घेतला. घरातून निघायचं तर तिथे बिल्ला. या वेळी माझीही रेघ थरथरली. उजव्या चपलेच्या अंगठ्यापाशी ती अजून जरा वाकडीच आहे.

पुढची दोन वर्षं फार वाईट गेली. काका बाहेर जाईनासे झाले. चपला कायम त्या आकृतीवर. शेवटी शेवटी ते काकूंशीही गुजरातीत बोलू लागले, अगदी आदरानं. काकूही चहा ठेवल्याचं गुजरातीतच सांगायच्या, "हा भाई, चा मूकी छे." मी भिंतीपलीकडून ते ऐकायची आणि मला रडू फुटायचं.

काका घरातच गेले, सकाळी, चहा व्हायच्या आधी.

तेराव्यानंतर माझ्याकडे राहिलेली बिट्सची डबी परत द्यायला मी गेले. गॅरेजचं दार मी जपून उघडलं. चपला कुणाला तरी देऊन टाकल्याचं मला ठाऊक होतं. ती आकृती रिकामी असणार, आणि त्यांच्या कायद्यानं त्याचा अर्थ काय, हेही ठाऊक होतं.

सगळी हत्यारं जागेवर होती. दाराशी चपलांचा लाल आकार उघडा होता. मी भीत भीत वर बघितलं.

खिळ्याला बिल्ला होता. नंबर दोन. त्याला अजून हळद लागलेली होती.