कणगीतला संगणक

सिरसाळ्याकडच्या एका वाडीत गहिनीनाथ दूध संस्थेचा सचिव होता. दुष्काळात दूध आटलं, संस्था आटली, सचिव तेवढा उरला. संस्थेचं रजिस्टर भुकेल्या शेळीनं खाल्लं. अशात वरून पत्र आलं: संगणकानं दिलेल्या यादीतल्या जनावरांनाच चारा छावणीत जागा मिळेल, साहेब मंगळवारी तपासायला येतील.

वाडीत संगणक कुठला असणार! पण गहिनीनाथ हात टेकणाऱ्यांतला नव्हता. त्यानं धान्याची रिकामी कणगी ओट्यावर आणली, तिला तसबिरीची काच बसवली. रिकाम्या काड्यापेट्या फळीवर चिकटवून कोळशानं अक्षरं काढली. माउस म्हणून वरवंटा बांधला. राहिली मेमरी. गावातलं प्रत्येक जनावर दात-शिंगांसकट पाठ असलेलं माणूस एकच होतं, त्याची बायको मंजुळाबाई. तिला त्यानं हातपंखा देऊन कणगीत बसवलं.

साहेब आले. वरवंटा उचलून म्हणाले, "जड आहे हो माउस."

"गावठी हाय सायेब, पण टिकतो लई."

साहेबांनी काड्यापेटी दाबली. कणगी बोलू लागली, "रामहरी, दोन बैल, एक म्हैस. छबुबाई, एक गाय, शिंग मोडकं..." साहेब निमूट लिहीत होते. मराठवाड्यात नोकरी काढलेला माणूस, त्याला कशाचं नवल वाटणार! शेवटी आवाज आला, "दोन बैल, एक गाभण गाय."

"मालक?"

कणगीतून नुसता पंख्याचा आवाज आला.

"सायेब, ती माझीच," गहिनीनाथ घाईनं म्हणाला.

"तुम्ही सांगून चालत नाही. संगणकानं सांगायला हवं. नाव नसेल तर जनावरं यादीबाहेर."

यादीबाहेर म्हणजे गाय आठवडाभरही टिकत नव्हती. आणि नवऱ्याचं नाव मंजुळाबाईनं जन्मात घेतलं नव्हतं. लग्नात बायका उखाण्यासाठी मागं लागल्या, तर तोंडात पदर कोंबून बसली होती. त्यानं पुन्हा काड्यापेटी दाबली.

"आमच्या घरातले," कणगी पुटपुटली.

"असं नाव रकान्यात बसत नाही." साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "हँग झालाय तुमचा संगणक."

"बोल की गं!" गहिनीनाथ कणगीला तोंड लावून कळवळला. "गाय मरंल आपली!"

आतला पंखा थांबला. मग हळू, कापऱ्या आवाजात कणगी बोलली,

"आटला आड, सरला कडबा, कुठं न्हाई चारा,
गहिनीनाथरावांच्या जनावरांला छावणीत द्या थारा."

साहेबांनी नाव लिहिलं, खाली सही ठोकली. गहिनीनाथला मात्र काही सुधरेना. सत्तावीस वर्षांच्या संसारात आपलं नाव त्यानं तिच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं होतं, तेही रावांसकट. डोळे भरून आले आणि त्याला त्याची लाजही वाटेना.

"सायेब, नीट लिवलं न्हवं? परत एकडाव दाबून बघतो," म्हणत त्यानं काड्यापेटी दाबली.

"सांगितलं की एकडाव!" संगणक खेकसला.